नावडतीचं किट

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या शहरात एका झटक्यात दीडशे मर्सिडीज विकल्या गेल्या. शहर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. पासष्ट कोटींच्या आसपासचा तो सौदा देशभरच्या पेपरांत गाजला. मी तेव्हा नववीत होते आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या कुठल्या ना कुठल्या लांबच्या काकाने त्यातली एक घेतलेली होती. आजही बाहेरगावी मी संभाजीनगरची असं सांगितलं, की गाड्यांचा शौक असलेला माणूस हमखास हीच गोष्ट काढतो. लेणी नंतर.

त्याच्या पुढच्याच महिन्यात स्कोडाची यती भारतात आली. ती आमच्याच जालना रोडवरच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची. उंच, चौकोनी, जरा विचित्र चेहऱ्याची. चालवणारे अजूनही तिच्याबद्दल जीव टाकून बोलतात, पण चालवणारे होतेच मुळात थोडे. किंमत पंधरा लाखांच्या घरात. लोकांनी तिची लांबी बघितली, किंमत बघितली आणि त्याच पैशात येणाऱ्या मोठ्या गाडीकडे वळले. काही वर्षांत यती बाजारातून गेली. तिची गोष्ट कुणी काढत नाही.

माझं कपाट यतीसारख्यांचं आहे. न खपलेल्या, लोक ज्यांना हसले, ज्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत, अशा गाड्यांची मॉडेल किट मी जमवते. किट म्हणजे तयार खेळणं नव्हे. एक खोका असतो, त्यात प्लॅस्टिकच्या चौकटी. चौकटीला गाडीचे साठ-सत्तर-शंभर भाग लटकलेले असतात: दार, सीट, बंपर, तांदळाएवढा आरसा. ते निपरने कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. बहुतेक किट मूळ गाडीच्या चोविसाव्या किंवा पंचविसाव्या भागाएवढी असतात. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची जुनी किट बत्तिसाव्या भागाची, म्हणजे तळहातावर मावणारी.

हा छंद परवडण्याचं कारण एका जुन्या म्हणीत आहे: नावडतीचं मीठ अळणी. फेरारीचं साधं किटसुद्धा महाग. पण ऑस्टिन मॅक्सी नावाच्या गाडीचं किट, जे वर्षभर शोधूनही एखादंच दिसतं, ते कुणीतरी पिझ्झाच्या पैशात विकायला काढलेलं असतं, वर "प्लीज घ्या" असा सूर. मॅक्सी ब्रिटनमध्ये १९६९ ला आली आणि ज्या अपेक्षा बांधल्या होत्या त्यांच्या जवळपासही गेली नाही. गाडीच कुणाला आठवत नाही, तर तिचं किट कोण शोधणार? वस्तू किती उरल्यात यावर किंमत ठरते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात किती जण मागतायत यावर ठरते. मागणारी मी एकटीच असेन, तर जगातली शेवटची मॅक्सीसुद्धा मला चारशे रुपयांत मिळेल. पोस्टेज सातशे, तो भाग वेगळा.

हे सगळं मला कळलं ते काकांमुळे. आणि त्याचा दुसरा अर्थ कळला तो ते गेल्यावर, काकूंमुळे.

काका मला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात भेटले. भंगाराच्या चादरीवर एक मोडकी खेळण्यातली गाडी पडली होती, मी तिला दुसऱ्या गाडीचं चाक लावून बघत होते. बाजूला उकिडवे बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "काय बघायलीस पोरी? ते चाक तिचं नाही. ॲक्सल जाड आहे." त्यांच्या हातात जुना व्हर्नियर होता, तोही नुकताच त्याच चादरीवरून घेतलेला. त्यांनी तिथल्या तिथे मोजून दाखवलं. नंतर चहा प्यायला मोंढ्यात गेलो, आणि पुढच्या रविवारी मी त्यांच्या सिडकोतल्या घरी, दिवाणाखालून बाहेर येणारे खोके बघत फरशीवर बसले होते.

काकांनी उभं आयुष्य टूलरूममध्ये काढलं. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी: वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या आमच्या एमआयडीसी म्हणजे फक्त मोठ्या कंपन्यांचे बोर्ड नाहीत. प्रत्येक मोठ्या बोर्डामागे शेकडो लहान शेड आहेत, आणि त्यांतल्या काहींमध्ये बाकीच्यांना लागणारे साचे बनतात. प्लॅस्टिकची कुठलीही वस्तू आधी पोलादात उलटी कोरावी लागते. काका ते कोरायचे. इंडो-जर्मन टूल रूममध्ये त्यांनी एक कोर्स केला होता, पुढे कंपनीने तीन महिने जर्मनीलाही पाठवलं. तिथल्या जुन्या बाजारात त्यांनी पहिलं किट घेतलं, ट्राबांटचं. पूर्व जर्मनीची धूर सोडणारी, टूस्ट्रोक इंजिनाची गाडी. "का घेतलं?" मी विचारलं होतं. "सगळ्यात स्वस्त होतं," काका म्हणाले. "आणि मोल्ड भारी होता."

माणसं किटच्या झाकणावरचं चित्र बघतात. काका चौकट उन्हात धरून तिची कड बघायचे. साचा जितके जास्त शॉट मारतो तितक्या त्याच्या कडा झिजतात, दोन अर्ध्यांच्या फटीतून प्लॅस्टिक बाहेर येतं आणि भागांच्या कडेला पापुद्रा धरतो. त्याला फ्लॅश म्हणतात. नावाजलेल्या गाडीचं किट चाळीस-पन्नास वर्षं पुन्हापुन्हा काढलं जातं, त्यामुळे आज विकत घ्याल ते बऱ्याचदा पापुद्र्यांनी भरलेलं असतं. नावडत्या गाडीचा साचा मात्र एकदाच थोडा चालतो आणि रॅकवर जातो. त्यामुळे तिच्या किटचे भाग ब्लेडसारखे धारदार. "बघ, या डायने शॉटच मारले नाहीत," काका हळहळत की कौतुकाने म्हणायचे, ते मला कधी नीट कळलं नाही.

अमेरिकेत तर याहून वाईट. तिथे १९५८ पासून एएमटी आणि नंतर इतर कंपन्या दरवर्षीच्या नव्या मॉडेलप्रमाणे किट काढायच्या. साचा महाग, म्हणून दरवर्षी नवा न करता जुनाच सुधारायचा: ग्रिल बदल, मागचे दिवे बदल. म्हणजे १९६५ ची गाडी करताना १९६४ ची कायमची पुसली जायची. गाजलेल्या गाड्यांचे साचे पुढे कुणीतरी नव्याने केले. न गाजलेल्यांचं जे तेव्हा छापलं गेलं तेवढंच. डेट्रॉइटच्या जो-हानसारख्या कंपन्यांनी रॅम्बलर वगैरे मंडळींची किट काढली, ती कंपनीही गेली. काकांना हा प्रकार छातीत कळ आल्यासारखा लागायचा. चांगला साचा मोडून दुसरा करणं म्हणजे त्यांच्या लेखी, चांगली विहीर बुजवून त्यावर दुसरी खणणं.

नावडतीपण कायमचं नसतं हेही त्यांनीच दाखवलं. डीलोरियन ही आयर्लंडच्या उत्तर भागात बनलेली स्टीलची गाडी, जेमतेम नऊ हजार निघाल्या आणि १९८२ मध्ये कंपनी बुडाली. तीन वर्षांनी 'बॅक टू द फ्यूचर' आला आणि तिची किट आजही निघतायत. ट्राबांटचंही तेच, भिंत पडल्यावर तिच्यावर लोकांचं प्रेम उतू गेलं. काकांचं ट्राबांटचं किट आता जरा महाग झालंय हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "मग आता ती आपली नाही राहिली."

भारतातल्या पडलेल्या गाड्यांची किट शोधत बसू नका. नाहीत. मद्रासची स्टँडर्ड २००० घ्या. १९८५ मध्ये आली. अंग ब्रिटिश रोव्हरचं, इंजिन मात्र जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं. रुबाब मोठा, धाव कमी, पेट्रोल प्यायची फार; तीनेक वर्षांत बंद. पण मूळ रोव्हर ३५०० चं मॅचबॉक्सने खेळणं केलं होतं. काकांनी त्याचा रंग काढला, ग्रिल नवं कोरलं आणि ती स्टँडर्ड करून टाकली. कल्याणजवळ बनलेली प्यूजो ३०९ तशीच, फ्रेंच मॉडेल घेऊन नंबरप्लेट एमएच-०५. अशा वेळी किट नसलं तर किट आपण करायचं. चेक लोकांकडून हे शिकावं, असं ते म्हणायचे. तिकडे १९५७ पासून 'एबीसी' नावाचं मुलांचं मासिक निघतं, त्यात कापून चिकटवायची कागदी मॉडेल असतात. शेंद्र्यात गाड्या जोडणाऱ्या कंपनीच्या देशातली मुलं त्या गाड्या पुठ्ठ्यातून जोडत मोठी झाली. आमच्याकडच्या मुलांनी त्या फक्त कंटेनरवर बघितल्या.

सगळ्यात वर काकांच्या मनात होती ती इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची मीरा. १९४९ पासून या माणसाने स्वतः छोट्या मोटारी घडवल्या, एकामागून एक सुधारत नेल्या, आणि त्या कधीच कारखान्यातून बाहेर पडल्या नाहीत. तिचे फोटो काकांनी फाइलमध्ये लावून ठेवले होते. पण फोटोवरून साचा होत नाही, मापं लागतात.

काका २०२३ च्या पावसाळ्यात गेले. आजारपण चार महिन्यांचं.

दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. "तुला वेळ आहे का गं? ह्यांचे खोके बघायचेत. किती येतील ते सांग." गेले तर दिवाण उभा केलेला, आणि खाली फरशीवर चौसष्ट खोके ओळीने. काकूंनी ते पुसून मांडले होते, पाहुण्यांपुढे मांडतात तसे. दवाखान्यासाठी त्यांनी जालन्याच्या भावाकडून दीड लाख घेतले होते. भाऊ मागत नव्हता. भावजय बोलत नव्हती.

मी दोन रविवार लावून यादी केली. प्रत्येक किट गेल्या वर्षभरात कुठे, किती वेळा विकलं गेलं, कितीला गेलं. यादीत एक रकाना "किती दुर्मिळ" असा होता आणि एक "किती रुपये". दोन्ही रकाने एकमेकांकडे पाठ करून उभे होते. एअरफिक्सची ट्रायम्फ हेराल्ड, म्हणजे आपल्याकडची स्टँडर्ड हेराल्ड, तेवढी दुर्मिळही नव्हती. कंपनीने ती नंतर पुन्हा काढलीय. बाकी बऱ्याच खोक्यांसमोर मला "अत्यंत दुर्मिळ" आणि "३५०" एकाच ओळीत लिहावं लागलं.

बेरीज काकूंपुढे ठेवली. सगळं एकदम दिलं तर पंधरा हजार. एकेक करून, धीर धरून विकलं तर साठ-सत्तर, पण वर्ष जाईल.

काकू बराच वेळ यादी बघत होत्या. त्या हिशोबाला पक्क्या, सहकारी पतसंस्थेत नोकरी केलेली. "तीस वर्षं मला सांगितलं, हे दुर्मिळ आहे, हात लावू नको, झाडू लागेल. मी दिवाणाखाली फडकंसुद्धा हाताने फिरवायचे. म्हणजे मला फसवलंच की."

मी म्हटलं, "काकू, दुर्मिळ आहेच. महाग आहे असं ते कधी म्हणाले होते का?"

त्यांनी आठवून बघितलं. मग म्हणाल्या, "नाही. तसं नाही म्हणाले कधी. मीच धरून चालले." आणि थोड्या वेळाने, "पण दुर्मिळ म्हटल्यावर बाईमाणूस दुसरं काय धरणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. छंद करणारा माणूस स्वतःपुरता हिशोब मिटवून टाकतो: मी यातून आनंद घेतला, पैसे वसूल. घरातल्यांच्या वाट्याला आनंद आलेला नसतो, दिवाणाखालची जागा गेलेली असते. आमच्यासारखे लोक नावडत्या गाड्यांबद्दल कळवळून बोलतात, त्यांनी या बाजूचाही एक रकाना करायला हवा, असं मला तेव्हापासून वाटतं. माझ्या कपाटाच्या आत आता एक यादी चिकटवलेली आहे. प्रत्येक किटची खरी किंमत, कुणाला विचारायचं, आणि ठळक अक्षरांत: यातून काही मोठं निघणार नाही, घाई करू नका. आई ती वाचून घाबरली होती. तिला वाटलं मला काहीतरी झालंय.

विक्री मी केली. चौसष्टमध्ये एकच सर्वमान्य देखणं किट होतं, निस्सान स्कायलाइन जीटी-आर. कुणीतरी काकांना भेट दिलेलं, त्यांनी उघडूनही पाहिलं नव्हतं. जगात ते ढिगाने मिळतं. फोटो टाकल्यावर वीस मिनिटांत गेलं, कोल्हापूरच्या एका मुलाला, सांगितलेल्या किमतीत. बाकीच्यांनी दम काढला. २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली, पुढे २०२३ मध्ये ७०; त्यामुळे दुकानदार हमखास खपणारंच मागवतात, आणि जुन्या मालाला थोडं गिऱ्हाईक येतं. तेवढीच मदत. अकरा महिन्यांत पंचेचाळीस किट गेली, एकसष्ट हजार आले. उरलेल्यासाठी काकूंनी एफडी मोडली आणि भावाचे पैसे दिले. भावजय आता बोलते.

एकोणीस किट उरली. यादीत सगळ्यात दुर्मिळ होती तीच.

त्या खोक्यांच्या मागे आणखी एक खोका होता, चपलांचा, यादीत नसलेला. त्यात पीव्हीसी शीट, एम-सील आणि पुट्टी यांची घडवलेली एक अर्धवट गाडी. अकरा-साडेअकरा सेंटिमीटर लांब, रुंदीपेक्षा उंच. मी लगेच ओळखली. बजाज क्यूट. आमच्या वाळूजची. २०१२ मध्ये आरई-६० म्हणून दाखवली, मग कोर्टकचेऱ्यांत आणि नियमांत वर्षं गेली, आणि महाराष्ट्रात विकायला आली २०१९ च्या एप्रिलमध्ये, पेट्रोलची किंमत २ लाख ४८ हजार. इंजिन २१६ सीसी. कायद्याने ती मोटार नाहीच, क्वाड्रिसायकल आहे. रिक्षावाल्यांना ती मोटार वाटली आणि मोटारवाल्यांना रिक्षा. रस्त्यावर दिसली तर आजही लोक मान वळवून बघतात.

काका तिचं किट करणार होते. गाडी हाताने घडवायची, तिच्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा, त्यात रेझिन भरायचं. असा साचा वीस-तीस नगांनंतर फाटतो. म्हणजे जगात वीस-तीसच किट, आणि मागणारे बहुधा त्याहून कमी. वहीत सगळी मापं होती: लांबी २७५२, रुंदी १३१२, उंची १६५२, सगळं चोविसाने भागलेलं. फक्त शेवटच्या पानावर मागच्या बाजूचं चित्र कोरं होतं. खाली पेन्सिलने लिहिलेलं: "मागे भिंत. नंतर."

मी वही मिटून खोक्यात ठेवत होते. काकू म्हणाल्या, "भिंत कसली?" मी सांगितलं, ज्या गाडीची मापं घेतली ती भिंतीला लावून उभी असणार. काकूंनी विचारलं, ती कुठे मिळेल. मी म्हटलं, बजाजनगरला एक उभी असते, रसवंतीच्या शेजारी. त्या आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आल्या.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. निळी क्यूट, उन्हाने रंग विटलेला, एक चाक दबलेलं, आणि या वेळी भिंतीपासून चांगली हातभर लांब. मी वही धरली, काकू टेप लावून आकडे सांगायला लागल्या. त्या मिलिमीटर सांगत नव्हत्या, ब्लाउजचं माप सांगावं तसं इंचात सांगत होत्या: "साडेपाच, आणि वर दोन दोरे." मी मनातल्या मनात बदलून लिहीत होते. मागच्या दिव्यापर्यंत आलो तेव्हा रसवंतीवाला टॉवेलला हात पुसत बाहेर आला.

"घ्यायची आहे का मावशी? विकायचीच आहे. दोन वर्षं झाली, कुणी विचारत नाही. बोला, किती देता?"

"थांबा हो," काकू टेप न सोडता म्हणाल्या, "आधी हिची मागची बाजू होऊ द्या."